महाविद्यालयाची चित्रे विकू पाहणाऱ्या विश्वस्तांस अनावृत पत्र

पुणे

राजमान्य राजश्री विश्वस्त मंडळी यांस,

सा. न. वि. वि.

तिजोरी रिती झाली की संस्थेच्या जमिनीकडे आशाळभूत दृष्टीने पाहण्याची वहिवाट आपल्या क्षेत्रात जुनी असली, तरी ती अलीकडे निर्धोक राहिलेली नाही, हे आपणांस सांगणे न लगे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 अन्वये स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. आणि मंजुरी मिळाली म्हणून सौदा पचतोच असे नाही, हे मॉडेल कॉलनीतील जैन बोर्डिंगचा व्यवहार 2025 साली रद्द झाला तेव्हा अवघ्या पुण्याने पाहिले. सबब, आपण जंगम मिळकतीकडे, म्हणजे सभागृहातील तैलचित्रांकडे, वळावे अशी नम्र सूचना आहे. कारण कलम 36 ला भिंत दिसते, भिंतीवरचे चित्र दिसत नाही.

कार्यपद्धतीही सुलभ आहे. डेडस्टॉक रजिस्टर काढवावे. 'बाके, लाकडी' आणि 'कपाट, लोखंडी, दार मोडके' यांच्या दरम्यान कोठेतरी 'फ्रेम मोठी, पगडीवाले गृहस्थ, नग एक' अशी नोंद सापडेल, व शेऱ्याच्या रकान्यात 'वाळवी' एवढाच शब्द असेल. हे गृहस्थ कोण, त्यांना चितारले कोणी आणि ते चित्र संस्थेस दिले कोणी, यांपैकी काहीच कागदावर नसल्यामुळे निर्लेखनाचा ठराव मंजूर करताना कोणाही सभासदाचे अंतःकरण द्रवण्याचा संभव नाही. चित्राने शंभरी गाठली असल्यास मात्र 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ते परदेशी धाडता येत नाही. गिऱ्हाईक एतद्देशीयच पाहावे.

पूर्वोदाहरण हवे असल्यास अमेरिकेकडे पाहावे. व्हर्जिनियातील रँडॉल्फ कॉलेजच्या चालकांनी 2007 साली आपल्या संग्रहातील चार चित्रे विक्रीसाठी उतरवून नेली. त्यांपैकी जॉर्ज बेलोजचे गोदी-कामगारांचे चित्र 1920 साली तेथील विद्यार्थिनींनी वर्गणी जमवून घेतलेले होते, ही किरकोळ बाब चालकांनी मनावर घेतली नाही. विरोधक कोर्टाची पायरी चढले, तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. परंतु त्यापोटी मागितलेली जामिनाची रक्कम त्यांच्याने उभी राहिली नाही, आणि 2014 साली ते चित्र अडीच कोटी डॉलरांहून अधिक किमतीस लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेले. वर्गणी देणाऱ्या त्या मुलींच्या दृष्टीने परतावा उत्तमच म्हणायचा!

येथवर सर्व अनुकूल आहे. अडचण आहे ती पुण्याच्या स्वभावाची. डेक्कन कॉलेज 1934 साली काटकसरीच्या सबबीखाली बंद करणारे सरकार परकीय होते, सत्ताधीश होते आणि संस्थेचे चालकही तेच होते. तरीदेखील, ज्या इमारतींत सर जमशेटजी जिजीभाईंचे दान ओतलेले आहे त्या शिक्षणाखेरीज अन्य कामी लावता येणार नाहीत असे म्हणत माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि 1939 साली येरवड्याचे ते दरवाजे पदव्युत्तर संशोधनासाठी पुन्हा उघडावे लागले. माजी विद्यार्थी ही जात मोठी चिवट. शिकत असताना तासाला बसत नाही, पण दाव्याची एकही तारीख चुकवीत नाही. शिवाय त्याच 1950 च्या कायद्यात कलम 50 आहे. त्यान्वये विश्वस्तसंस्थेत हितसंबंध असलेल्या केवळ दोघांनाही, आयुक्तांची लेखी संमती घेऊन, विश्वासभंगाबद्दल दावा लावता येतो. आणि तेथे स्थावर-जंगम हा भेद आपल्या उपयोगी पडणार नाही.

म्हणून लिलावाची जाहिरात देण्यापूर्वी एक करावे: प्रत्येक चित्रापुढे दात्याचे नाव, चित्रकाराचे नाव आणि दानाचा हेतू रजिस्टरात शाईने लिहून घ्यावा, व त्याची एक नक्कल आम्हांस पाठवावी. दाव्यास पुरावा म्हणून लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी
(दुसराही तयार आहे)