शुद्ध डावखुरे

बंगळूरच्या बसवनगुडीत राहणाऱ्या या गृहस्थांना सगळे डावरेकाका म्हणतात. खरं आडनाव वेगळं, पण ते आता गॅसच्या पुस्तकापुरतं उरलंय. बँकेच्या बदलीने इथे आले, निवृत्त झाले आणि इथलेच झाले. कन्नड बेताचंच. एक वाक्य मात्र ते अस्सल इथल्या माणसासारखं म्हणतात: 'बलगैयल्ली कोडी.' म्हणजे उजव्या हाताने द्या. हे वाक्य त्यांना रोज ऐकायला मिळतं, म्हणून पाठ आहे.

गांधी बाजारात फुलांची माळ मोळावर मिळते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ ताणायची, की झाला एक मोळ. सकाळच्या भवानीच्या वेळी काका फुलवाल्या अज्जीपुढे डाव्या हाताने नोट धरतात. अज्जी हात आखडते आणि ते वाक्य म्हणते. मग काका नोट उजव्या हातात घेतात, पण इतक्या सावकाश की मागच्या गिऱ्हाइकाला वाटावं, काहीतरी विधी चाललाय. आता गाडीगाडीवर क्यूआर कोड लटकतो आणि त्याला डावं-उजवं काही कळत नाही. काकू म्हणाल्यासुद्धा, "अहो, फोनवरून द्या ना, रोजची कटकट मिटेल." काका अजून रोखच देतात. कटकट मिटली तर घरी येऊन सांगायचं काय?

मेट्रोचं प्रकरण याहून रंगतं. फाटकावर कार्ड टेकवायची जागा उजव्या बाजूला. काका डाव्या हाताने टेकवतात, म्हणजे शेजारच्या फाटकाच्या यंत्रावर. शेजारचं फाटक उघडतं आणि तिथे उभा असलेला, कानात बोंडं खुपसलेला एखादा पोरगा आपलंच उघडलं समजून आत जातो. काका राहतात बाहेर आणि त्यांचं कार्ड मात्र हिशेबाने आत. 2017 साली नॅशनल कॉलेज स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून काकांनी किती जणांना असं स्वखर्चाने रवाना केलं असेल, देव जाणे. खिडकीतली मुलगी त्यांना ओळखते. काका दिसले की ती न विचारताच कार्डासाठी हात पुढे करते. उजवा.

त्यांच्या घरातली खरी मौल्यवान वस्तू म्हणजे डावखुऱ्यांची कात्री. मुलाने अमेरिकेहून पाठवलेली. काका ती पाहुण्यांना दाखवतात आणि मग व्याख्यान सुरू होतं. नेहमीची कात्री उजव्या हाताने दाबली की पाती एकमेकांना घासून बसतात. डाव्या हाताने दाबली की तीच पाती फाकतात आणि कागद मधे दुमडतो. वर, जिथे कापायचं ती रेघ पात्याआड लपते ते वेगळंच. हे सगळं खरं आहे. पण त्या कात्रीने काकू सकाळी नंदिनी दुधाची पिशवी कापायला जातात, तेव्हा प्लास्टिकची नुसती घडी होते, पिशवी हातातून निसटते आणि दूध ओट्यावरून थेट गॅसखाली. काका दारात उभे राहून बघतात. चेहऱ्यावर समाधान. "कळलं? आम्ही जन्मभर हेच भोगलं."

भोगलं हे नाकारायचं कारण नाही. शाळेत डाव्या हातावर पट्ट्या बसल्या. लिहिताना हात ओल्या शाईवरून सरकायचा, त्यामुळे निबंध तळहातावर उमटायचा. कॉलेजात पाटी जोडलेल्या खुर्च्या आल्या, त्या पाट्याही उजवीकडे. पण माझं प्रामाणिक मत असं, की काकांना या दुःखाचं आता वेड लागलंय. परमुलखात मराठी माणूस म्हणून वेगळं असण्यात त्यांना काही राम वाटत नाही; ते वेगळेपण या शहरात पैशाला पासरी. डावखुरेपणाचं मात्र तसं नाही. "जगात दहात एक डावखुरा असतो," ते सांगतात. "बंगळूरची वस्ती कोटीच्या वर. म्हणजे दहा लाखांवर आपली माणसं. मराठी लोकांचं गांधीनगरात मंडळ आहे, आपलं का नाही?"

मंडळ नाही, तरी सभासदत्वाच्या अटी काकांकडे तयार आहेत आणि त्या कडक आहेत. सौरव गांगुली? नापास. बाकी सगळं उजव्या हाताने करतो, थोरल्या भावाचं सामान वापरता यावं म्हणून डावा उभा राहिला. घुसखोर. 2024 साली सांगलीच्या स्मृती मानधनाने बंगळूरला महिला लीगचा चषक मिळवून दिला, तेव्हा गल्लीतली पोरं नाचत काकांकडे आली. त्यांना वाटलं, काका पेढे वाटतील. काकांनी त्यांना दारातच सांगितलं, की मुलगी गुणाची आहे, मराठी आहे, अभिमान आहे. पण मुळात ती उजवी, भावासारखी डाव्या हाताने खेळते एवढंच. पेढे मराठी खात्यातून मिळाले, डावखुऱ्या खात्यातून नाही. उलट सचिन. बॅट उजव्या हाताची, सही डाव्या हाताची. "आपला!" गांधीजींचा निकाल अजून राखून ठेवलाय. 1909 साली बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात दमला की ते डाव्याने लिहीत. काका म्हणतात, "गरजेपुरता डावा. बघू."

गणपतीत तर त्यांना चेव येतो. घरोघरी बसतो तो डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं झेपत नाही म्हणून लोक घाबरतात. "विघ्नहर्ता डावा चालतो," आरतीनंतर काका विचारतात, "मग मी तीर्थ घ्यायला हात पुढे केला की भटजींची पळी का थांबते?" यावर उत्तर कोणाकडेच नसतं, कारण सगळ्यांचं लक्ष मोदकांकडे असतं.

यंदा मात्र पंगतीत काकूंनी डाव साधला. पानं मांडली होती. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. काकांनी टीका सुरू केली, की ही मांडणीच उजव्यांच्या सोयीची, चटणीला कायम डावीकडे टाकलेलं. बोलता बोलता वरणभात कालवला, लिंबू पिळलं, घास घेतला. काकू वाढता वाढता थांबल्या. "आणि जेवताय कुठल्या हाताने?"

पंगत शांत झाली. काकांनी आपल्या वरणभाताने माखलेल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"ते आईने लावलेलं वळण आहे," ते म्हणाले. "धोरण नव्हे."

मग मठ्ठा मागितला आणि वाटी डाव्या हाताने तोंडाला लावली. आता यावर कोण काय बोलणार? जेवताना उजवा हात खरकटा असतो, म्हणून अख्खी पंगत वाटी डाव्याच हाताने उचलत होती. काकांनी ते बरोबर हेरलं आणि सगळ्यांवरून समाधानाने नजर फिरवली.

13 ऑगस्टला जागतिक डावखुरे दिन असतो. तुम्ही त्या सुमारास गांधी बाजारात गेलात आणि एक गृहस्थ उपाहारगृहाच्या दारात उभे राहून वेटर बशांची उतरंड कोणत्या हातावर आणतो ते टिपत असलेले दिसले, तर ते काकाच. खुशाल ओळख करून घ्या, कॉफी तेच पाजतील. फक्त पेला डाव्या हाताने उचलू नका. उचललात तर तुमची परीक्षा सुरू होईल: दात कोणत्या हाताने घासता, पत्ते कोणत्या हाताने पिसता, सुईत दोरा कसा ओवता. घरी जायला तासभर उशीर होईल, आणि पास कोणीच होत नाही.