दुसरी बाजू जोडून पाठवा

रा. रा. वार्ताहर, मु. पो. केम, ता. करमाळा यांस मुख्य कार्यालयाकडून नमस्कार.

‘भेसळीच्या कुंकवाने कपाळावर चट्टे’ ही आपली बातमी पोचली. छापता येत नाही. अस्सल कुंकू हळदीपासून होतं, हळदीला खार लागला की ती लाल होते आणि नुसत्या रंगाचं स्वस्त कुंकू कातडीला बाधू शकतं, एवढंच तुम्ही लिहिलंत. डॉक्टरांना विचारलंत, कुंकवाच्या कारखान्यांत हिंडलात, स्वतः हळदीत चुना कालवून पाहिलात. सगळं एकाच बाजूचं! हळद लाल होत नाही असं मानणारा एकही गृहस्थ केममध्ये भेटू नये? मग जेऊरला जा, कुर्डुवाडीला जा. हल्ली प्रत्येक विषयाला असा एक गृहस्थ असतोच आणि बोलावलं की तो वेळेवर येतो.

ज्याच्यावर भेसळीचा आरोप आहे त्याला तुम्ही फोन केलात, त्याचं म्हणणं घेतलंत, हे कबूल. पण ते छापायला दोन ओळी? डॉक्टरांना बारा आणि त्याला दोन? ‘त्याच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं’ हा खुलासा आम्हाला मान्य नाही. टेप घ्या आणि मोजा. इकडे जितके सेंटिमीटर, तितकेच तिकडे. पुरावा मोजायला बसलो तर अंक वेळेवर निघणार कसा?

मागेही तुम्ही ‘गाडी दोन तास उशिरा’ अशी बातमी धाडली होतीत. आधार काय, तर स्टेशनातलं घड्याळ. म्हणजे तुम्ही घड्याळाची बाजू घेतलीत.

सोबतच्या पत्रात आपण गोपाळ गणेश आगरकरांचा दाखला दिलात. आगरकर ‘केसरी’चे संपादक होते, सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी पटेना, १८८७ मध्ये बाहेर पडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. केवढा हा खटाटोप! आज असते तर आमच्या वाहिनीवर टिळक एका खिडकीत, आगरकर दुसऱ्या खिडकीत, आणि मध्ये आमचा निवेदक दोघांपेक्षा मोठ्या आवाजात. वेगळं पत्र काढायची वेळच आली नसती. दोघांच्या वादातलाच संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा झालं. त्यामागे कलकत्त्याच्या फुलमणीचा मृत्यू होता. दहा-अकरा वर्षांची पोर, नवऱ्याच्या जबरदस्तीनं गेलेली. त्या काळी लोक लिहीत ते आपापल्या पत्रात. कोण कुठे उभा आहे हे वाचकाला माहीत असे. आमच्याकडे त्या पोरीलाही ‘प्रश्न असा आहे की’ म्हणत दोन बाजू मिळाल्या असत्या, आणि ‘निर्णय प्रेक्षकांनी घ्यायचा आहे’ असं म्हणून आम्ही जाहिरातीकडे वळलो असतो.

पत्रकार पी. साईनाथांचं नाव मात्र पुन्हा घेऊ नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाचा एकच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला, हे त्यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं. आता दुसरी बाजू: पैसे देऊन बातम्या छापून आणल्याचा चव्हाणांनी इन्कार केला, आणि निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये रद्द केला. पाहा, आम्ही किती संतुलित आहोत. फक्त त्या मजकुरात विरोधी उमेदवाराला निम्मे सेंटिमीटर का मिळाले नाहीत, हे आम्हाला विचारू नका.

तरी कुंकवाची बातमी दुरुस्त करून पाठवा. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. ‘चट्टे आले’ ऐवजी ‘चट्टे आल्याची चर्चा’ करा. चट्ट्यांच्या बाजूनं बोलणारा कोणी मिळाला तर त्याचा फोटो जोडा.

ता. क. वर्धापनदिनाची पुरवणी येत आहे. करमाळा तालुक्याचं जाहिरातींचं उद्दिष्ट तुम्हाला कळवलं आहेच. तुमचं मानधन त्यांच्याच कमिशनमधून निघतं हे विसरू नका. नेत्यांच्या, कारखान्यांच्या, संस्थांच्या शुभेच्छा-जाहिराती लवकर गोळा करा. दर नेहमीप्रमाणे कॉलम सेंटिमीटरवर. जाहिरातदाराबद्दलच्या मजकुराला दुसरी बाजू जोडू नये.