आधी नाव, मग पाणी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, की अवघ्या करवीरनगरीस एकच जिज्ञासा उरते. आणि ती शमविण्यासाठी परवा मी एका वृत्तसंकेतस्थळाचे दार ठोठावले, तेव्हा तेथील अदृश्य हुजऱ्याने माझे नाव, मोबाईल क्रमांक, जन्मतारीख आणि, का कोण जाणे, आवडता खेळ यांची रुजवात झाल्याखेरीज पाण्याची उंची सांगण्यास साफ इन्कार केला. बातमीस खर्च येतो, हे मान्य. वर्गणी मागा, निमूट देईन. परंतु दमडी न मागता केवळ इसमाचा तपशील मागणारा दुकानदार नेमके काय विकतो, हा प्रश्न माझ्या अल्पमतीस पडतो. १८५० साली स्थापन झालेल्या आमच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्था पुस्तक घरी नेणाऱ्याचे नाव नोंदवितात ते रास्तच, कारण पुस्तक परत यावे लागते. मुक्तद्वार वाचनालयात उभ्याउभ्या वृत्तपत्र चाळणाऱ्यास मात्र कोणी जन्मतारीख पुसत नाही. बातमी वाचून मी ती पळवून नेतो थोडीच?

असो. सहा अंकी ओटीपी दोनदा आला, दोन्हीदा मुदत संपल्यावर. अखेर दारात उभे राहून, घाटाकडून दुधाच्या किटल्या घेऊन येणाऱ्या एका सायकलस्वारास विचारले.

"जामदार क्लबापातूर आलंय की!" तो पायडल न थांबवता म्हणाला.

ना त्याने माझे नाव विचारले, ना मी त्याचे.