आवक-जावकचे काका

प्रिंटर अडला की माणसं आधी त्याला विनवतात, मग दोन थापडा देतात, मग बटण बंद करून पुन्हा चालू करतात आणि शेवटी हाक मारतात, "काकाऽऽ!" जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुठल्याही कार्यालयात ही हाक मारून बघा, कुठल्या तरी टेबलामागून एक गृहस्थ उठतातच. पदानं ते वरिष्ठ लिपिक असतात. बसतात आवक-जावकला. प्रिंटर दुरुस्त करणं त्यांच्या कार्यवाटपात कुठेही लिहिलेलं नसतं, आणि म्हणूनच ते काम ते मनापासून करतात.

आमचे काका हाकेसरशी येत नाहीत. हातातल्या पत्राला जावक क्रमांक देतात, पेनाला टोपण लावतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मग निघतात. येताना मशीनकडे बघत नाहीत, भोवती जमलेल्यांकडे बघतात. पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटची प्रिंट कोणी दिली?"

निदानाचा निम्मा भाग इथेच उरकतो. प्रिंट लेखा शाखेची असेल तर ट्रेमध्ये कागद खुणेच्या वर ठासून भरलेला असणार, कारण त्या शाखेला पुन्हापुन्हा उठायचा कंटाळा. आस्थापना शाखेची असेल तर कागदात स्टेपलरची पिन निघणार. साहेबांच्या स्वीय सहायकांची असेल तर बिघाड काहीच नसतो. एकदा बटण दाबून कागद आला नाही म्हणून त्यांनी ते आणखी दहा वेळा दाबलेलं असतं, आणि प्रिंटर शुद्धीवर आला की एकाच बैठकीच्या सूचनेच्या अकरा प्रती ओळीनं बाहेर पडतात. आणि रेखाचित्र शाखेची असेल तर संगणकातून निघालेला हुकूम लीगलचा आणि ट्रेमधला कागद ए-फोर. यंत्र ३५६ मिलिमीटरच्या हिशेबानं वाट बघतं, कागद २९७ मिलिमीटरला संपतो. कागद गेला कुठे या काळजीनं यंत्र थांबतं आणि तांबडा दिवा लावतं. अडकलेलं काहीच नसतं, गैरसमज तेवढा असतो. हे काका असं काही सांगतात की रेखाचित्र शाखेला स्वतःची लाज वाटावी.

मग शस्त्रक्रिया. मागचं झाकण उघडताना काका पाठ अशी वळवतात की कोणाला आतलं दिसू नये. कागद ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, सावकाश ओढायचा, हा त्यांचा एकमेव धर्म. घाईनं उलटा ओढला की आतली काडीएवढी कळ मोडते. कागद आला आणि गेला हे यंत्राला त्या कळीवरूनच समजतं. ती मोडली की पोट रिकामं असतानाही यंत्र कागद अडकल्याची तक्रार करत राहतं. असा एक प्रिंटर आमच्याकडे होऊन गेला. त्याचा विषय निघाला की काका अजून लेखा शाखेकडे बघतात.

कागद फाटून निघाला तर काका तुकडे टेबलावर मांडतात आणि फाटकी नोट जोडावी तसे कडेला कड लावून बघतात. "ईशान्य कोपरा कुठाय?" असं विचारलं की समजायचं, एक तुकडा अजून आत आहे. तो मिळेपर्यंत कोणी प्रिंट द्यायची नाही. त्यातच मधला रोलर तापलेला असतो. टोनर म्हणजे मुळात काळा रंग मिसळलेली प्लास्टिकची भुकटी. ती कागदावर वितळवून बसवायला तिथे दोनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. "पंधरा मिनिटं थंड होऊ दे," असं काका म्हणतात ते शास्त्राला धरूनच असतं. त्या पंधरा मिनिटांत चहा येतो, हाही निव्वळ योगायोग नसतो.

आता पाठकोरे कागद. मराठी माणसानं आयुष्यात एकही पाठकोरा कागद टाकलेला नाही, आणि आमच्या कार्यालयानं तर पाठकोऱ्यांचा स्वतंत्र खोका ठेवला आहे. काकांच्या मते त्यातला प्रत्येक कागद म्हणजे एक अपघात आहे. एकदा भट्टीतून गेल्यानं तो वाळून वाकलेला असतो, कोपऱ्यात पिनेची भोकं असतात, पलीकडची जुनी शाई पुन्हा तापून रोलरला चिकटते. काका हे दर सोमवारी सांगतात. तरी खोका रिकामा होत नाही, कारण त्याच्यात सर्वांत जास्त भर स्वतः काकाच घालतात. काटकसर आणि यंत्रशास्त्र यांच्या भांडणात त्यांचं मन शेवटी काटकसरीकडे झुकतं. गेल्या वर्षी एका शिपायाला अर्जित रजा मंजूर झाल्याचा आदेश मिळाला आणि त्याच्या पाठीवर दुसऱ्याच कोणाची कारणे दाखवा नोटीस होती. रजा मिळाली याचा आनंद त्या बिचाऱ्याला पान उलटेपर्यंतच टिकला.

पावसाळ्यात काका खरे फुलतात. जुलैत कागद सादळतो, पानं एकमेकांना बिलगतात आणि दोन-तीन मिळून एकदमच आत शिरतात. रीम उघडून नुसती ठेवली तरी कागद हवेतलं पाणी ओढतो, मग छपाई फिकी आणि ठिपक्याठिपक्यांची येते, कधी शाई बोटाला लागते. इतर लोक टोनरला शिव्या देतात. काका रीम हातात घेतात, कडेनं पत्त्यांसारखी फरफर फिरवतात, कागदांत हवा खेळवतात, गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करतात आणि ट्रेच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतपतच सरकवतात. उरलेली रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात जाते. त्या कपाटाची किल्ली काकांकडे असते. रजेवर जातानाही असते.

पण कागद ओढून काढणं हे शेवटी हातचलाखीचं काम. काकांची विद्या दिसते ती प्रत खराब यायला लागल्यावर. एकदा साहेबांच्या प्रत्येक झेरॉक्सवर डाव्या बाजूनं उभी काळी रेघ यायला लागली, वरपासून खालपर्यंत, जणू साऱ्या शासकीय पत्रव्यवहाराला समास पडला. टोनर बदलून झाला. बाहेरच्या माणसाला बोलावून ड्रमही बदलून झाला. रेघ ठाम. काका आले आणि एकच प्रश्न विचारला, "कागद वरच्या ट्रेमधून टाकता की काचेवर ठेवून?" वरच्या ट्रेमधून. काचेवर ठेवून काढली तर प्रत स्वच्छ आली. काकांनी मोठ्या काचेशेजारची बोटभर रुंदीची काच दाखवली. वरून कागद टाकला की दिवा तिथे एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून सरकत जातो. त्या काचेवर सुकलेल्या व्हाइटनरचा मोहरीपेक्षा लहान ठिपका होता. कागद पुढे सरकत राहिला, ठिपका जागच्या जागी राहिला, आणि ठिपक्याची रेघ झाली. काकांनी ओलसर फडक्यानं तो पुसला, फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि ड्रमचं बिल किती झालं हे फार गोड आवाजात विचारलं.

दुसरी गोष्ट याहून गाजली. प्रत्येक पानावर ठरावीक अंतरानं एक काळा डाग उमटत होता. काकांनी टेबलावरची लाकडी फूटपट्टी मागवली आणि डागापासून डागापर्यंत मोजलं: पंच्याहत्तर मिलिमीटर. आमच्या यंत्रातल्या ड्रमचा घेर तेवढाच. आत फिरणाऱ्या प्रत्येक दांड्याचा घेर वेगळा असतो, तेव्हा डाग किती अंतरानं पडतो यावरून गुन्हेगार कोण ते कळतं. ड्रमच्या हिरव्या-निळ्या कातडीवर ओरखडा सापडला. काकांनी मान वर केली. "अडकलेला कागद काढायला आत पट्टी कोणी घातली होती?" अख्ख्या शाखेनं एकाच वेळी आपापल्या नस्तीत डोकं घातलं. नाव शेवटी बाहेर आलं नाही, पण आस्थापनेतल्या एका टेबलावरची स्टीलची पट्टी त्या दिवसापासून नाहीशी झाली. काकांनी ती आपल्या खणात जमा करून घेतली होती. रीतसर पोच देऊन.

अशा माणसाला या यंत्राचा इतिहास सांगावा म्हणून मी एकदा चेस्टर कार्लसनची गोष्ट काढली. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात हा गृहस्थ कामाला होता. कागदपत्रांच्या नकला करून करून कंटाळला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत त्यानं गंधक लावलेली जस्ताची पट्टी रुमालानं घासली, काचेवर तारीख नि ठिकाण लिहून वरून उजेड पाडला, बारीक पूड भुरभुरवली आणि मेणकागदावर ती अक्षरं उठवली. तिथून बाजारात खपणारं पहिलं सोयीचं यंत्र यायला १९५९ उजाडलं. "म्हणजे आपल्यातलाच," काका म्हणाले. पेटंट विभागातल्या माणसाला त्यांनी लिपिक संवर्गात घेऊन टाकलं. त्या १९५९ च्या यंत्रात कागद अडकला की कधीकधी तो पेटही घ्यायचा, म्हणून कंपनी सोबत छोटं अग्निशामक नळकांडं देत असे. त्याला अग्निशामक म्हणणं मात्र विक्री खात्याच्या जिवावर यायचं, म्हणून नाव काहीतरी गुळगुळीत ठेवलेलं होतं. हे ऐकून काकांनी आमच्या भिंतीवरच्या नळकांड्याची मुदत बघितली आणि काही न बोलता चहा संपवला.

त्यांना न सांगितलेली गोष्ट रिचर्ड स्टॉलमनची. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत लेझर प्रिंटर होता, आणि तोही अडकायचा. कागद अडकला की सगळ्यांच्या संगणकावर निरोप जावा एवढी सोय स्टॉलमनला करायची होती. त्यासाठी लागणारा प्रोग्राम त्याला कोणी दिला नाही. त्या रागाचा वाटा असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची घोषणा त्यानं १९८३ मध्ये केली. तिथे कागद अडकून चळवळ निघाली. इथे चळवळ निघत नाही, कागद निघतो. शिवाय सगळ्यांना आपोआप निरोप गेला असता तर काकांना हाक कोणी मारली असती?

खरं कारण तेच आहे. काकांना जे येतं ते कोणालाही दहा मिनिटांत शिकता येईल. नवीन आलेल्या एका मॅडमनी ते शिकायचं ठरवलं, वहीसुद्धा आणली. काकांनी शिकवलं, पण औषधाची पुडी द्यावी आणि पथ्य सांगू नये तसं. टोनर संपल्याचा निरोप आला तर काडतूस काढून आडवं, हळूहळू हलवायचं म्हणजे आणखी काही पानं निघतात, एवढं सांगितलं. कोणत्या झाकणाची चाप आधी सोडायची, हे सांगायचं राहून गेलं. मॅडमनी ते झाकण ओढलं आणि भुकटी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. "गरम पाणी नको!" काका लांबूनच ओरडले. "भुकटी वितळून कापडात बसेल. आधी झटका, मग गार पाणी." सल्ला अगदी बरोबर होता. शर्ट वाचला, वही मात्र कपाटात गेली. कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते वर सांगितलंच आहे.

आता जिन्याखालच्या तीन प्रिंटरांविषयी. एकाच खरेदीत चार यंत्रं आली होती. तीन एकामागून एक गेली, पण काकांनी त्यांचं निर्लेखन होऊ दिलं नाही. एकाचा कागद ओढणारा रबरी रोलर, दुसऱ्याचा ट्रे, तिसऱ्याचं मागचं झाकण, सगळं वरच्या चौथ्यात बसलं. यंदा लेखापरीक्षणाला आलेले साहेब जडवस्तू नोंदवही घेऊन जिन्याखाली उतरले.

"नोंदीत चार आहेत. यातला चालू कोणता?"

"तिन्ही चालू आहेत, साहेब," काका म्हणाले. "वरच्यात."

साहेबांनी वर येऊन चालू यंत्राचा क्रमांक तपासला. तो मागच्या झाकणावर असतो, आणि झाकण तिसऱ्याचं. नोंदीप्रमाणे, जे यंत्र मेलं होतं ते छापत होतं आणि जे छापत होतं ते जिन्याखाली मरून पडलं होतं. साहेबांनी तिथेच बसून सविस्तर आक्षेप टंकलिखित केला आणि चार प्रती मागितल्या. साहेबांसाठी म्हणून काकांनी कपाट उघडलं, कोरी रीम फोडली, फरफर फिरवली, पट्ट्या सरकवल्या. चारही प्रती रेघ नाही, डाग नाही, अशा सुरेख निघाल्या की साहेबांनी एक उजेडात धरून बघितली.

"एक कार्यालयीन प्रत राहिली, साहेब," काका म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा हात खोक्याकडे गेला. पाठकोरा कागद अर्धा आत गेला आणि थांबला. तांबडा दिवा लागला. काका चष्मा कपाळावर चढवत होते तेवढ्यात साहेब उठले आणि बाहेर राहिलेलं अर्धं पान धरून आपल्याकडे ओढायला लागले. सबंध नोकरीत वरिष्ठांसमोर काकांचा आवाज कधी चढला नव्हता.

"साहेब, उलटा नाही! हात काढा आधी!"