ब्रेक कुणाच्या पायाखाली?

"वहिनी, जरा इकडं या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडीची पुन्हा जुंपली."

"आता कशावरून?"

"गाडीवरून. ती चारचाकी शिकतेय ना. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांबरोबर यवतेश्वरचा घाटसुद्धा चढून आली. पण घरच्या गाडीत नवरा शेजारी बसला, की फाटकातच गाडी बंद!"

"पडणारच. परवा ऐकलं मी, 'क्लच! अगं क्लच!' गल्लीतली कुत्री उठून गेली."

"शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तोवर संसार टिकला म्हणजे मिळवली! मी तिला विचारलं, मास्तर ओरडतात का गं? म्हणाली, कधीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक नि क्लच असतो. ज्याच्या पायाखाली ब्रेक, तो कशाला ओरडेल? घरच्या गाडीत नवऱ्याच्या पायाखाली नुसतं पायपुसणं."

"अगदी! मी चालवायला बसले की आमचे हे पाय दाबून दाबून मॅटला भोक पाडायचे बाकी ठेवतात. एक हात वरच्या कडीला, दुसरा हँडब्रेकपाशी. तोंड मात्र मोकळं."

"आणि घाटात उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे परीक्षेपुरतं सगळ्या पुरुषांना पाठ असतं. घरात बायको काही नवं शिकायला लागली, की हॉर्न वाजवायला सुरुवात."

"तरी वरचा तसा वाईट नाही हो. स्कूटरवर दोघं किती छान दिसतात."

"दिसतात, पण कुठं? गल्लीत तिचा हात मागच्या दांडीला. पोवई नाका ओलांडला, की त्याच्या कमरेला."

"तुम्हाला काय माहीत नाक्यापलीकडचं?"

"भाजीला मी त्याच रस्त्यानं जाते की! पण ती चालवते नि तो मागं बसतो, तेव्हाची गंमत बघा. बाईच्या मागं बसलेल्या पुरुषाला हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतो. खड्डा आला तर पिशवी वाचेल, हा पडेल!"

"आपल्या वेळी हा घोळ नव्हता. एका अंगानं बसायचं नि पदर आवरायचा."

"आवरायचा म्हणजे सांभाळायचं मागचीनंच ना? अहो, १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाला आच्छादन लावा असं लिहून ठेवावं लागलं, कपडे अडकू नयेत म्हणून."

"बाकी गाडी कुणाची हे स्टिअरिंगवरून कळतच नाही बघा. मी लेकीकडं पुण्याला एकटी गाडी घेऊन जाते, पण फास्टॅगचा मेसेज ह्यांच्या फोनवर. आनेवाडीला पैसे कापले की लगेच फोन, 'निघायला इतका उशीर?' खेड शिवापूरला पुन्हा फोन, 'इतक्या लवकर कशी पोचलीस?'"

"अगबाई, टोलनाका की पोलीस चौकी!"

"म्हणून बँकेत जाऊन तिथं माझा मोबाइल नंबर घातला."

"चिडले असतील."

"एक दिवस धुमसले. म्हणाले, माझी काळजी तुला जाच वाटते. मी म्हटलं, काळजी असेल तर तोंडानं विचारा, मेसेज कशाला वाचता? आता मधेच फोन येतो, 'कुठवर आलीस? चहा घेतलास का?' इतकी वर्षं संसार केला, चहाचं आत्ता विचारलं माणसानं!"

"आणि तुम्ही सांगता खरं?"

"कुठवर आले ते सांगते. वाटेत मिसळ खाल्ली ते नाही सांगत."

"वा! वरच्या पोरीला आजच सांगते. क्लच काय, मास्तर शिकवतील. हे कोण शिकवणार?"