गिऱ्हाइकांची माहिती वाऱ्यावर कशी सोडावी

गिऱ्हाइकांची माहिती चोरीला जाणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे, असा अनेक मालकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. त्यासाठी सातत्य लागते, वरपासून खालपर्यंत एकदिलाने दुर्लक्ष लागते आणि आलेला इशारा ईमेलच्या ढिगात पुरून टाकण्याची हातोटी लागते. होतकरूंनी अटलांटाच्या इक्विफॅक्स कंपनीचा अभ्यास करावा. कर्जदारांच्या पतपात्रतेची नोंद ठेवणाऱ्या या कंपनीने २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकनांची माहिती घालवली. नावे, जन्मतारखा, पत्ते, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळे.

पूर्वतयारी म्हणून माहिती भरपूर जमवावी. कामापुरतीच घेणे हा कद्रूपणा झाला. साडी घ्यायला आलेल्या बाईंचा मोबाइल नंबर बिलाआधी मागावा, जमल्यास लग्नाचा वाढदिवसही. इक्विफॅक्सची सोय तर याहून मोठी होती. तिच्याकडे ज्यांची माहिती होती, त्यांतल्या बहुतेकांनी ती तिला स्वतः दिलीच नव्हती. बँका आणि सावकारी कंपन्यांकडून ती परस्पर येत होती. त्यामुळे कोणी रागावून दुसऱ्या दुकानात जाईल, ही भीतीच नाही.

आता मुख्य विधी. कंपनीच्या तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलमागे ‘अपाची स्ट्रट्स’ नावाचे सॉफ्टवेअर होते. त्यात भोक आहे, हे ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाले, आणि ते बुजवणारा पॅचही त्याच दिवशी फुकट मिळाला. सरकारी खात्याने कंपनीला इशारा दिला. कंपनीने चारशेहून अधिक जणांना ईमेल धाडला, की ४८ तासांत पॅच बसवा. इथे नवशिक्या मालक घाबरेल. घाबरू नये. ईमेल चारशे जणांना गेला, की प्रत्येकाला वाटते काम उरलेल्या ३९९ जणांचे आहे. पॅच बसला नाही. मे महिन्याच्या मध्यावर चोर आत आले आणि ७६ दिवस राहिले. आत त्यांना नोकरांच्या सोयीसाठी उघड्यावर लिहून ठेवलेले पासवर्ड मिळाले. पुढची कपाटे त्यांनी त्याच किल्ल्यांनी उघडली.

इतके दिवस कोणाला कळू कसे दिले नाही? हा भाग खास अभ्यासण्याजोगा आहे. ये-जा तपासणारे यंत्र कंपनीने विकत घेतले होते, ते चालूही होते. फक्त त्याला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती, त्यामुळे कुलूपबंद वाहतूक त्याला दिसतच नव्हती. २९ जुलैला प्रमाणपत्र नवे बसवले आणि संशयास्पद हालचाल लगेच नजरेस पडली. म्हणून यंत्र जरूर घ्यावे, पाहुण्यांना दाखवावे. नूतनीकरणाचे तेवढे विसरावे.

पासवर्ड सोपा असावा. त्याच सुमारास अर्जेंटिनातल्या इक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर युजरनेम ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’ सापडला. लक्षात ठेवायला याहून सुटसुटीत काय असणार!

चोरी उघड झाल्यावर घाई करू नये. कंपनीने ७ सप्टेंबरला लोकांना सांगितले. मग एक नवीच वेबसाइट काढली आणि ‘तुमची माहिती गेली का, ते पाहायला सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे सहा आकडे भरा’ म्हणून विनंती केली. तो पत्ता इतका परका वाटत होता, की धोका दाखवायला एका प्रोग्रामरने तसल्याच नावाची नकली साइट बनवली. कंपनीच्याच ट्विटर खात्याने गिऱ्हाइकांना त्या नकली साइटवर पाठवले, तेही एकदा नव्हे. हा कळस गाठणे सगळ्यांना जमणार नाही.

शेवटी खापर फोडायला एक माणूस शोधावा. पदावरून उतरलेल्या मुख्याधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेससमोर सांगितले, की पॅचचा निरोप एका व्यक्तीने पुढे पोहोचवला नाही. १४ कोटींहून अधिक लोक आणि एक निरोप्या. २०१९ मध्ये तडजोड झाली ती किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरांना.

‘ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडे कोण येतंय’ म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावर जावे. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचऐवजी चोरांचा नकली स्विच ‘हो, द्या पैसे’ म्हणत राहिला, आणि नकली कार्डांवर २८ देशांतून काही तासांत पैसे निघाले. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. सुट्टीचा दिवस चोरांनी पंचांगात पाहून ठेवला असावा.

कायदा मात्र अलीकडे या छंदाच्या आड येऊ लागला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती जपण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवावे, असा २०२२ चा आदेश आहे. तेव्हा तीन वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून देणारा तो मुलगा सध्या कुठे नोकरीला आहे आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक आहे, एवढी चौकशी तरी मालकाने आजच करून ठेवावी.