क्षुल्लक म्हणजे २४ बाइट

कमांड लाइनवरून रोजनिशी लिहिणे म्हणजे टर्मिनलमध्ये एक ओळ टंकून ती साध्या मजकूर फाइलच्या शेपटाला चिकटवणे. आधी ‘इको’ ही आज्ञा, मग अवतरणचिन्हांत दिवसभराचे दुःख, मग दोन बाण (>>) आणि फाइलचे नाव. एंटर दाबले की दिवस संपला. विमा एजंटाने दिलेल्या डायरीत ३ जानेवारीनंतर दुधाचा हिशेब सुरू होतो; टर्मिनलवर दुधाचा हिशेब कोणी लिहीत नाही, एवढाच काय तो फायदा.

तारीख आपोआप पडावी म्हणून ‘डेट’ ही आज्ञा जोडतात. ती जोडणारी स्क्रिप्ट तीन ओळींची असते. प्रस्तुत लेखकाने तीत रंग, वार आणि नोंदीचा अनुक्रमांक घातल्यामुळे एक अख्खा रविवार गेला. त्या दिवशीची नोंद ‘रोजनिशीचे काम केले’ अशी आहे. सोमवारचीही तीच आहे.

या पद्धतीला प्रेक्षक लागतो. लोकलमध्ये काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटू लागली की शेजारचा प्रवासी जरा सरकून बसतो. त्याला वाटते, कुठल्यातरी बँकेचा सर्व्हर सावरला जातो आहे. प्रत्यक्षात पडद्यावर ‘पोहे कोरडे झाले होते’ असे उमटत असते, आणि तेही मात्रा अक्षराला सोडून भलतीकडे बसलेली. बऱ्याच टर्मिनलांना देवनागरी अजून धड मांडता येत नाही. प्रवाशाला ते वाचता येत नाही, हे एकंदरीत बरेच म्हणायचे.

दोन बाणांऐवजी एकच बाण दिला तर आधीचा सगळा मजकूर पुसला जातो आणि नवी ओळ तेवढी उरते. संगणक विचारत नाही, हळहळत नाही. चार महिन्यांच्या नोंदी अशा प्रकारे नाहीशा करणारी प्रस्तुत लेखकाची ओळ होती : ‘सातत्य जमले एकदाचे.’ हा अपघात टाळणारी ‘नोक्लॉबर’ नावाची सोय शेलमध्ये आहे. ती सहसा नंतर कळते.

लिखाण किती झाले हे ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा सांगते, आणि मराठी रोजनिशीकाराने तिचा ‘सी’ हा पर्याय जरूर वापरावा. तो अक्षरे न मोजता बाइट मोजतो. यूटीएफ-८ ही लिपी साठवण्याची पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत, सगळ्यांना वेगवेगळे. त्यामुळे ‘कंटाळा’ १८ बाइटचा भरतो. ‘मोठा’ १२ बाइटांत आटोपतो, तर ‘क्षुल्लक’ दिसायला तीन अक्षरे असून दोन हलंतांसह २४ बाइट खातो, म्हणजे मोठ्याच्या बरोब्बर दुप्पट. हे कळल्यापासून प्रस्तुत लेखकाच्या शैलीत जोडाक्षरे वाढली. तो ‘दमलो’ लिहीनासा झाला, ‘क्लांत’ लिहू लागला. पाऊस जाऊन पर्जन्यवृष्टी आली. वर्षअखेरीचा बाइटांचा आकडा त्याने दोन मित्रांना कळवला, एकक न सांगता. त्यांनी ते शब्द समजून अभिनंदन केले आणि ते स्वीकारण्यात आले.

जुने काही शोधायचे तर ‘ग्रेप’. शब्द दिला की तो असलेल्या साऱ्या ओळी क्षणात समोर येतात. कागदी डायरीत माणूस चाळता चाळता दुसऱ्याच पानावर रमतो. इथे पाने नाहीत, उत्तर तेवढे येते. ‘आई’ शोधल्यावर १४ ओळी आल्या. त्यांतल्या तीन आईस्क्रीमच्या होत्या. उरलेल्या बहुतेक अशा : ‘आईचा फोन. नंतर करतो.’ ‘आईला उद्या फोन.’ ‘आईचा फोन राहिला.’ तारखा आणि वेळा सेकंदापर्यंत अचूक आहेत; ती स्क्रिप्ट चांगली लिहिली आहे.

आईस्क्रीम गाळण्यासाठी ‘डब्ल्यू’ हा पर्याय आहे. तो फक्त पूर्ण शब्द जुळवतो. मराठीत मात्र प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने आईस्क्रीमबरोबर ‘आईचा’, ‘आईला’, ‘आईने’ हेही गळतात, आणि नुसती आई जिथे असेल तेवढीच ओळ राहते. प्रस्तुत लेखकाच्या फाइलमध्ये अशी एकच ओळ निघाली : ‘आई आली होती. बॅकअप चालू होता.’

बॅकअप रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी पूर्ण झाल्याची नोंद तिच्याखाली आहे. आई किती वाजता गेली, याची नाही.